भीमबेटकाचा ५५ कोटी वर्षं जुना प्राणी: एक प्रकरण, पहिल्यापासून शेवटपर्यंत

२०२१ च्या फेब्रुवारीत बातमी आली की भोपाळजवळच्या भीमबेटकात, त्या चित्रांवाल्या गुहांमध्ये, जगातल्या सगळ्यात जुन्या प्राण्यांपैकी एकाचा जीवाश्म सापडलाय, वय साधारण ५५ कोटी वर्षं, नाव डिकिनसोनिया, आणि भारतात तो पहिल्यांदाच मिळालाय. दोन वर्षांनी दुसरी बातमी आली की तो प्राणीबिणी काही नव्हता, आग्या माश्यांचं जुनं झालेलं पोळं होतं. पहिल्या बातमीवर छाती फुगवली, दुसरीवर हसून घेतलं आणि विषय मिटला.

पण मिटायला नको होता असं मला वाटतं, कारण या प्रकरणात शिकण्यासारखा भाग पोळ्याच्या पलीकडे आहे. पोळं ओळखता आलं नाही ही त्या मानाने बारकी गोष्ट. मोठी गोष्ट ही की त्या एका आकारावरून अख्ख्या खडकाचं वय ठरवलं गेलं, आणि ज्या खडकाच्या वयावर वीसेक वर्षं भांडण चालू होतं त्याचा निकाल एका फोटोने लावून टाकला. आता हे कसं झालं ते सुरुवातीपासून बघू.

आधी डिकिनसोनिया म्हणजे काय ते. १९४६ साली रेग स्प्रिग नावाचा ऑस्ट्रेलियन भूशास्त्रज्ञ साऊथ ऑस्ट्रेलियात फ्लिंडर्स रेंजेसमधल्या इडियाकारा टेकड्यांमध्ये जुन्या खाणींची पाहणी करत होता, तिथे त्याला सँडस्टोनच्या लाद्यांवर विचित्र गोल-लांबट ठसे दिसले. १९४७ मध्ये त्यातल्या एकाला त्याने डिकिनसोनिया नाव दिलं, आपल्या खात्याचे संचालक बेन डिकिनसन यांच्यावरून (साहेबाच्या नावाने जीवाश्म, ही पद्धत सगळीकडे सारखीच). अंडाकृती चपटा प्राणी, मधून एक रेषा, आणि तिच्यापासून दोन्ही बाजूंना गोधडीच्या टाक्यांच्या ओळींसारखे पट्टे. काही नखाएवढे, काही तर एक मीटरच्या वर. तोंड नाही, पाय नाहीत, पोटही धड दिसत नाही. त्या टेकड्यांवरून पुढे २००४ साली एका अख्ख्या कालखंडालाच इडियाकारन नाव मिळालं, साधारण ६३.५ कोटी ते ५३.९ कोटी वर्षांपूर्वीचा काळ, म्हणजे शंखशिंपले, ट्रायलोबाइट वगैरे मंडळी मोठ्या संख्येने यायच्या आधीचा.

हा खरंच प्राणी होता का यावर कित्येक दशकं वाद झाला. कुणी म्हणालं जेलीफिश, कुणी गांडुळाचा भाऊबंद, कुणी एकपेशीय राक्षस, कुणी दगडफूल. २०१८ मध्ये इल्या बोब्रोव्स्की आणि त्याच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या टीमने रशियातल्या व्हाइट सीच्या कड्यांमधले डिकिनसोनिया घेतले, साधारण ५५.८ कोटी वर्षांचे, आणि नशीब असं की त्या दगडांवर ठशासोबत जैविक पदार्थाचा पातळ पापुद्रा शिल्लक होता. त्यांनी तो सोडवून त्याचं रसायन काढलं तर जीवाश्मातल्या स्टेरॉइडमध्ये ९३ टक्क्यांपर्यंत कोलेस्टेरॉलचे अवशेष निघाले, आजूबाजूच्या मातीत मात्र ते प्रमाण अगदी कमी. कोलेस्टेरॉल म्हणजे प्राणी, निदान प्राण्यांच्या बाजूचं लक्षण तरी नक्की. त्यामुळे २०२१ मध्ये भीमबेटकाची बातमी आली तेव्हा डिकिनसोनिया हे नाव एकदम वजनदार होतं, नुसता ठसा राहिला नव्हता, "पहिल्या प्राण्यांपैकी एक" अशी त्याची ओळख पक्की झालेली होती.

आता भीमबेटका. भोपाळहून दक्षिणेला ४५ किलोमीटरच्या आसपास, रायसेन जिल्ह्यात, रातापानी अभयारण्याच्या कडेला. १९५७ मध्ये डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर, म्हणजे माळव्यात वाढलेला आपला मराठी माणूस, रेल्वेने जाताना त्यांना खिडकीतून हे खडक दिसले, उतरून गेले आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. (गंमत म्हणजे त्याच १९५७ मध्ये इंग्लंडात चार्नवूडच्या जंगलात रॉजर मेसन नावाच्या शाळकरी पोराला चार्निया नावाचा जीवाश्म सापडला, आणि इतक्या जुन्या, कँब्रियनच्या (म्हणजे इडियाकारननंतर लगेच येणाऱ्या कालखंडाच्या) आधीच्या खडकातही मोठे जीव असतात हे लोकांना मानावंच लागलं.) २००३ पासून भीमबेटका युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. हजारो पुरातत्त्ववाले, चित्रकार, विद्यार्थी, टुरिस्ट तिथून गेले, सगळे चित्रांकडे बघत गेले. ज्या खडकावर ती चित्रं आहेत तो विंध्यन सँडस्टोन, त्यातही वरच्या भांडेर गटातला मैहर सँडस्टोन.

२०२० च्या मार्चमध्ये दिल्लीत ३६ वी आंतरराष्ट्रीय भूशास्त्र काँग्रेस भरायची होती, करोनाने ती पुढे गेली, पण तिच्या निमित्ताने काही मंडळी भीमबेटकाला गेली होती. त्यात युनिव्हर्सिटी ऑफ ऑरेगॉनचे ग्रेगरी रिटॅलक, दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँड युनिव्हर्सिटीचे शरद मास्टर, आणि आपल्या जिऑलॉजिकल सर्व्हेचे लोक. ऑडिटोरियम केव्ह म्हणून जी मोठी बोगद्यासारखी गुहा आहे तिथे, बातम्यांनुसार जमिनीपासून ११ फुटांवर, साधारण १७ इंचांचा एक आकार दिसला: लांबट, पानासारखा, मधून रेष आणि बाजूंना फुटलेल्या बारीक रेघा. फोटो काढले, त्यावरून मोजमापं केली, आणि 'गोंडवाना रिसर्च' या नियतकालिकात पेपर आला की हा डिकिनसोनिया टेन्युइस आहे, ऑस्ट्रेलियातल्या रॉन्सली क्वार्टझाइट नावाच्या खडकातल्यासारखाच.

इथे थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी, ती अशी की हा दावा वेडगळ नव्हता. आज हसणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्या पेपरमधला फोटो आणि ऑस्ट्रेलियातला फोटो शेजारी ठेवून दिला असता तर त्यांनीही मान डोलावली असती. आणि छताजवळ सापडला म्हणून तर तो उलट जास्तच पटण्यासारखा होता. कसं ते बघा. ऑस्ट्रेलियातले डिकिनसोनिया थराच्या वरच्या बाजूला क्वचितच मिळतात, ते मिळतात थराच्या खालच्या अंगाला. समुद्राच्या तळावर सूक्ष्मजीवांची साय असायची, तिच्यावर हे प्राणी पडलेले, वादळात वरून वाळू येऊन पडायची, प्राणी कुजत असतानाच सूक्ष्मजीवांच्या कामामुळे त्याच्यावरची वाळू खनिजांनी घट्ट व्हायची, आणि प्राणी नाहीसा झाला तरी त्याचा ठसा वरच्या वाळूच्या बुडाला राहायचा. म्हणूनच साऊथ ऑस्ट्रेलियातल्या निलपेनाला जीवाश्मशास्त्रज्ञ मेरी ड्रोसर आणि त्यांची टीम एकेक लादी उचलून उलटी करून बघते. आता गुहेचं छत म्हणजे काय, तर उलटी न करता दिसणारं थराचं बूडच. म्हणजे इडियाकारन जीवाश्म शोधायला गुहेसारखी जागा नाही, तर्क अगदी बरोबर. बरोबर तर्क आणि चुकीची वस्तू एकत्र आली की माणूस हमखास फसतो.

मग अडचण कुठे होती? अडचण खडकाच्या वयात होती, आणि ती २०२१ मध्ये सगळ्यांना माहीत होती.

विंध्यनचे थर म्हणजे मध्य भारतातली सगळ्यात मोठी डोकेदुखी. राजस्थानपासून सोन नदीच्या खोऱ्यापर्यंत पसरलेले, बऱ्याच ठिकाणी अजून आडवेच, फारसे दुमडलेले नाहीत, भाजलेले नाहीत, दिसायला इतके ताजे की यांचं वय १०० कोटी आहे म्हटलं तर पटत नाही. खालून वर सेमरी, कैमूर, रेवा, भांडेर असा क्रम. सेमरीत ज्वालामुखीच्या राखेचे थर आहेत, त्यांत झिरकॉन या खनिजाचे कण आहेत, ज्यांवरून वय मोजता येतं, आणि २००२ मध्ये दोन वेगवेगळ्या टीमनी, एक रॅसमुसेन यांची आणि एक ज्योतिरंजन रे यांची, त्यांवरून जवळपास सारखंच वय काढलं: साधारण १६० ते १६३ कोटी वर्षं. तळाचा हिशोब त्याने मिटला. वरच्या भागात मात्र राखेचा असा सोयीचा थर हाताला लागत नाही, म्हणून भांडेरचं वय ५५ कोटी की १०० कोटी यावर दोन पक्ष पडले.

१०० कोटीवाल्यांकडे काय होतं? पन्नाजवळ मझगवाँला किंबरलाइट, म्हणजे जमिनीखालून खूप खोलातून वर घुसलेला ज्वालामुखी खडक, आहे, हो, तोच, जिथे हिऱ्याची खाण आहे. तो किंबरलाइट कैमूरच्या थरात घुसलेला आहे आणि त्याचं वय १०७.३ कोटी. म्हणजे कैमूर त्याहून जुना, हे नक्की. भांडेर कैमूरच्या वर असल्यामुळे तो तरुण असू शकतो, पण किती तरुण? तर खडक तयार होताना पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा त्यात गोठून राहते, आणि किंबरलाइटमधली चुंबकीय दिशा आणि भांडेर-रेवामधली चुंबकीय दिशा जवळजवळ सारखी निघाली. खंड सरकत असतात, त्यामुळे मधे ५० कोटी वर्षं गेली असती तर दिशा इतकी जुळणं अवघड, म्हणून दोघांच्या काळात फार अंतर नसावं असा अंदाज. मग हैदराबादच्या गोपालन यांच्या टीमने २०१३ मध्ये भांडेरमधल्या चुनखडीचं शिशाच्या समस्थानिकांवरून वय काढलं, लाखेरीसाठी १०७.३ कोटी आणि बलवानसाठी ८६.६ कोटी, यातला दोन्ही बाजूंचा फरक मोठा आहे, जवळपास २० कोटी इकडे-तिकडे, पण तो धरला तरी ५५ कोटीपर्यंत काही येत नाही.

तिसरा पुरावा वाळूतल्या झिरकॉनचा. सँडस्टोन म्हणजे जुन्या डोंगरांची झिजून आलेली वाळू, तिच्यातले झिरकॉनचे कण त्या जुन्या डोंगरांचं वय सांगतात. त्यातला सगळ्यात तरुण कण जेवढ्या वयाचा, त्याहून सँडस्टोन जुना असूच शकत नाही. मैहर सँडस्टोनमध्ये सगळ्यात तरुण कणांचा गट १०० कोटीच्या आसपास. आता इथे प्रामाणिकपणे म्हणायचं तर हा पुरावा एकतर्फी आहे. तरुण कण न सापडणं म्हणजे सँडस्टोन तरुण नाहीच असं सिद्ध होत नाही, कदाचित तेव्हा नदी तरुण डोंगरांतून येतच नसेल. पण चुंबकीय दिशा, शिसं आणि झिरकॉन तिघं वेगवेगळ्या वाटेने येऊन एकाच गावात भेटत असतील तर वजन तिकडे जातं.

५५ कोटीवाल्यांकडे मुख्यतः जीवाश्म होते, म्हणजे भांडेरमध्ये इडियाकारन ठसे सापडल्याचे आधीचे काही दावे, आणि त्यातला प्रत्येक वादातला. मग २०२१ मध्ये डिकिनसोनिया आला आणि चित्रच पालटलं. कारण डिकिनसोनिया हा असा प्राणी आहे की तो मिळाला की वय मिळालं, तो ५७ ते ५५ कोटीच्या पट्ट्यातच आढळतो. तर पेपरमध्ये तेच झालं: डिकिनसोनिया आहे, म्हणून मैहर सँडस्टोन ५५ कोटीचा, म्हणून भारत तेव्हा ऑस्ट्रेलियाला खेटून गोंडवानात, म्हणजे दक्षिणेकडच्या जुन्या महाखंडात, होता वगैरे. एकावर एक मजले. आणि पायाला काय, तर भिंतीवरचा एक आकार, ज्याला कुणी हात लावलेला नाही.

हात न लावण्याचं कारणही समजून घ्या, ते आळशीपणाचं नव्हतं. जागा युनेस्कोच्या यादीतली, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातली, शेजारी हजारो वर्षांची चित्रं, तिथे हातोडा-छिन्नी काढली तर जेलात जाल आणि जायलाच हवं. म्हणजे नमुना घेऊन पातळ काप करून मायक्रोस्कोपखाली बघणं, रसायन तपासणं, हे सगळे रस्ते बंद. उरतो फोटो आणि फोटोवरून केलेली मोजणी. नियतकालिकाचे समीक्षकसुद्धा तोच फोटो बघणार, ऑरेगॉनमध्ये बसून असो की नॉर्वेत बसून. माझ्या मते इथे एक साधी अट हवी होती, की नमुना घेता येत नसेल तर दावाही तेवढाच हलका ठेवा. "डिकिनसोनियासारखा दिसणारा आकार" असं शीर्षक असतं तर काही बिघडलं नसतं. पण "भारतात डिकिनसोनिया सापडला" हे शीर्षक, मग बातम्या, मग कौतुक.

२०२२ मध्ये जोसेफ मीर्ट तिथे गेले. युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडाचे, विंध्यनच्या चुंबकीय दिशा आणि झिरकॉन यांवर वर्षानुवर्षं काम केलेले, त्यांच्याबरोबर जयपूरच्या राजस्थान युनिव्हर्सिटीचे मनोज पंडित, आणि मीर्ट यांचे विद्यार्थी. हेही सांगून टाकतो की मीर्ट तटस्थ पाहुणे नव्हते, १०० कोटीच्या पक्षातले पुढारीच म्हणा ना. डिकिनसोनिया खरा ठरला असता तर त्यांचं कित्येक वर्षांचं काम अडचणीत आलं असतं. त्यामुळे ते तो आकार बघायला गेले ते शंका मनात धरूनच, आणि विज्ञानात याला दोष म्हणायची मला गरज वाटत नाही, विरोधकाइतकं बारकाईने आपलं काम दुसरं कुणी बघत नाही.

त्यांना काय दिसलं? पहिलं, तो "जीवाश्म" खडकावरून सुटत होता, पापुद्रे निघत होते. सँडस्टोनमधला ठसा हा सँडस्टोनचाच भाग असतो, वाळूचाच उंचवटा किंवा खोलगटपणा, तो दोन वर्षांत सोलून निघत नाही. दुसरं, तो जवळपास उभ्या पृष्ठभागावर होता. तिथले थर आडवे आहेत, तर ठसा असलाच तर थराच्या सपाट अंगावर, म्हणजे गुहेच्या छताला किंवा जमिनीवर दिसायला हवा, आडवे थर उभे कापणाऱ्या भिंतीवर नाही. मगाशी छताचा तर्क सांगितला तो इथे उलटा फिरतो. तिसरं, आजूबाजूला आग्या माश्यांची पोळी होती, काही नांदती, काही सोडलेली, काही पार मोडकळीला आलेली, आणि मोडत चाललेल्या पोळ्याची शेवटची अवस्था म्हणजे खडकाला चिकटून राहिलेला लांबट आकार आणि त्यात रेघा. म्हणजे एकाच भिंतीवर ताज्या पोळ्यापासून "डिकिनसोनिया"पर्यंतचा सगळा प्रवास पायरी पायरीने बघायला मिळत होता.

आग्या मोहोळ आपल्याकडे कुणाला नव्याने सांगायला नको. सह्याद्रीत गडावर जाणारा प्रत्येक जण कड्याखाली लटकलेली ती काळी मोठी पोळी बघतो, अत्तर लावू नका, धूर करू नका, आरडाओरडा नको अशा सूचना ऐकतो, आणि कधीतरी मोहोळ उठल्याच्या बातम्या वाचतो. ही माशी बंद ढोलीत घर करत नाही, उघड्यावर, फांदीखाली किंवा कपारीखाली एकच मोठं पोळं लावते, हंगाम संपला की उठून दुसरीकडे जाते आणि पोळं तसंच सोडून देते. मेण वाळतं, कीड खाते, पोळं गळून पडतं, चिकटलेला भाग मागे राहतो. भीमबेटकातल्या चित्रांमध्येच मध गोळा करणारी माणसं रंगवलेली आहेत, म्हणजे या खडकांवर माश्या राहतात ही माहिती त्याच खडकांवर काही हजार वर्षं लिहून ठेवलेली होती. शोध लावणाऱ्या टीममधल्या कुणाला पोळी दिसलीच नसतील असं मी म्हणत नाही, दिसली असतील, पण ती "तिकडे वर" होती आणि जीवाश्म "इकडे" होता. जीवाश्म शोधणाऱ्या माणसाला जीवाश्मांची शेकडो रूपं पाठ असतात, पोळं कुजताना कसं दिसतं हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं, ते एखाद्या मध काढणाऱ्याला विचारलं असतं तर त्याने एका मिनिटात सांगितलं असतं.

पापुद्र्याच्या मुद्द्यावर मला एक गोष्ट फार रोचक वाटते. व्हाइट सीच्या डिकिनसोनियावरूनही पापुद्रा निघत होताच की! मग नुसतं "सोलून निघतंय म्हणजे खोटं" असं म्हणता येईल का? नाही येणार. फरक कुठे आहे तर तिथला खडक बारीक मातीचा, पुरलेला, कधी फारसा न तापलेला, आणि पापुद्रा प्रयोगशाळेत नेऊन त्यात काय आहे हे मोजलेलं. भीमबेटकात उघड्यावर ऊन-पाऊस खाणारा वाळूचा खडक, तिथे ५५ कोटी वर्षांपूर्वीचा जैविक पदार्थ टिकून दोन वर्षांत गळायला लागेल ही शक्यता शून्यच धरा. म्हणजे निर्णय पापुद्रा बघून होत नाही, पापुद्रा कोणत्या खडकावर आहे ते बघून होतो.

तर २०२३ च्या सुरुवातीला त्याच 'गोंडवाना रिसर्च'मध्ये मीर्ट, पंडित आणि विद्यार्थ्यांचा पेपर आला, शीर्षकात माश्यांच्या डंखावर आणि गुणगुणण्यावर कोटी करून, म्हणजे मंडळींनी मजा घेतली. आणि रिटॅलक यांनी काय केलं? मान्य केलं. आपण आणि आपले सहकारी या निष्कर्षाशी सहमत आहोत, ते पोळंच होतं, नवा पुरावा आला की चूक कबूल करणं दुर्मीळ असलं तरी गरजेचं असतं, अशा अर्थाचं ते बोलले, आणि त्याच नियतकालिकाला तसं लिहून कळवायचं ठरवलं. हे सोपं नव्हतं. रिटॅलक हे मवाळ, सगळ्यांशी जुळवून घेणारे गृहस्थ म्हणून प्रसिद्ध नाहीत. १९९४ पासून ते म्हणत आलेत की इडियाकारन जीव हे प्राणी नव्हेत, दगडफुलासारखे जीव होते, २०१३ मध्ये तर 'नेचर'मध्ये लिहिलं की त्यातले काही चक्क जमिनीवर राहायचे. बाकी बहुतेक सगळा गोतावळा याच्या विरोधात, कोलेस्टेरॉल आल्यावर तर फारच. म्हणजे विनोद बघा, वर्तमानपत्रांनी जो "भारतातला पहिला प्राणी" म्हणून नाचवला, तो शोधणारे मुख्य लेखक डिकिनसोनियाला प्राणी मानायच्या बाजूचे मुळात नव्हतेच. बातम्यांमध्ये ही ओळ कुठे दिसली नाही, दिसली असली तर माझ्या नजरेतून सुटली.

विंध्यनमध्ये असा खेळ पहिल्यांदा झालेला नाही, म्हणून मागचं एक प्रकरण जोडतो, त्याशिवाय हे अर्धवट राहील. १९९८ साली एकाच वर्षात दोन स्फोट झाले. अडॉल्फ सायलाकर, जादवपूरचे प्रदीप बोस आणि फ्ल्यूगर यांनी 'सायन्स'मध्ये लिहिलं की चोरहाट सँडस्टोनमध्ये, म्हणजे खालच्या विंध्यनमध्ये, किड्यासारख्या प्राण्यांनी पोखरलेली बिळं आहेत, वय १०० कोटीच्या वर. आणि डेहराडूनच्या वाडिया संस्थेचे रफत आझमी यांनी लिहिलं की रोहतास चुनखडीत बारीक कवचांचे जीवाश्म आहेत, जे कँब्रियनच्या सुरुवातीचे असतात, म्हणजे खडक ५४ कोटीचाच. एकच सेमरी गट, एकाच्या मते त्यात १०० कोटी वर्षांपूर्वीचे प्राणी, दुसऱ्याच्या मते तो गटच मुळी तरुण! आझमींवर तर अशी झोड उठली की ते कवचाचे तुकडे खरे तरी आहेत का इथपर्यंत गोष्ट गेली. मग २००२ मध्ये राखेची वयं आली आणि खडक १६० कोटीचा ठरला. आझमींचं वय चुकलं, बिळंही आता कुणी फारशी मानत नाही.

पण आझमींचे जीवाश्म? २००९ मध्ये स्वीडनच्या स्टेफान बेंगस्टन यांनी चित्रकूटला जाऊन, आझमींनाही सोबत घेऊन, ते परत तपासले. निष्कर्ष असा की जीवाश्म खरे आहेत, वय मात्र सांगितल्यापेक्षा १०० कोटी वर्षांनी जास्त, आणि ते प्राणी नाहीत. २०१७ मध्ये तर त्यातल्या काहींना लाल शैवाल म्हणून जाहीर केलं, १६० कोटी वर्षांचं, हा दावा टिकला तर अनेकपेशीय शैवालाचा हा फारच जुना पुरावा, आणि त्यातल्या एका प्रजातीचं नाव ठेवलं राफाटाझ्मिया चित्रकूटेन्सिस. ज्या माणसाला हसले त्याचंच नाव. मला विचाराल तर या दोन प्रकरणांतला फरक एवढाच की आझमींच्या हातात नमुने होते. ते चुकीचे वाचले गेले तरी दहा वर्षांनी कुणीतरी ते पुन्हा एक्स-रेखाली ठेवू शकलं. भीमबेटकात ठेवायला काहीच नव्हतं, जे होतं ते भिंतीवरून गळत होतं.

दोन्हीकडे चुकीचा साचा मात्र तोच, आधी जीवाश्म ओळखला आणि मग त्याच्या जोरावर खडकाला वय चिकटवलं. जीवाश्मावरून वय काढणं गैर नाही, दोनशे वर्षं भूशास्त्र त्यावरच चाललंय. पण ते चालतं तेव्हा जेव्हा एकाच थरात दहा जातींचे शेकडो नमुने मिळतात, निलपेनाला मिळतात तसे, एक चुकला तर बाकीचे सांभाळून घेतात. जिथे स्वतंत्र मोजणी १०० कोटी म्हणतेय आणि एकुलता एक नमुना ५५ म्हणतोय, तिथे पहिला संशय नमुन्यावर घ्यायचा. आणि संशयाची पहिली पायरी "हा प्राणी आहे का" ही नसते, ती तर चौथी-पाचवी. पहिली पायरी म्हणजे ही वस्तू खडकात आहे की खडकावर आहे? २०२१ मध्ये सगळी चर्चा शेवटच्या पायरीवर झाली, टेन्युइस की कोस्टाटा, कोणती जात, पट्टे किती. पहिली पायरी तपासायला शिडी आणि बोटाचं टोक पुरलं असतं, तेही परवानगी घेऊन.

आता सध्याची स्थिती. मैहर सँडस्टोन बहुतेकांच्या मते पुन्हा १०० कोटीच्या आसपास गेला, पण भांडेरमध्ये राखेचा थेट मोजता येणारा थर मिळत नाही तोवर ५५ वाले पूर्ण गप्प बसणार नाहीत, आणि एका पोळ्याने त्यांचे बाकीचे मुद्दे आपोआप खोटे ठरत नाहीत हेही खरं. भारतात इडियाकारन काळ आहेच, त्यासाठी भीमबेटकाची गरज नाही. लेसर हिमालयात नैनिताल-मसुरी पट्ट्यातले क्रोलचे थर त्या काळातले आहेत, आणि राजस्थानात मारवाडचे. जोधपूर सँडस्टोनमधून इडियाकारन ठशांची वर्णनं आलेली आहेत, आणि तिथली सोय ही की हे थर मालाणीच्या ज्वालामुखी खडकांवर बसलेत, ज्यांचं वय साधारण ७५ ते ७७ कोटी. म्हणजे जोधपूरचा सँडस्टोन त्याहून तरुणच, हे जीवाश्माला न विचारता कळतं. शिवाय तिथे घरबांधणीच्या दगडाच्या खाणी आहेत, रोज नव्या लाद्या निघतात, उलट्यासुलट्या करून बघता येतात, नमुना पिशवीत घालून आणता येतो. डिकिनसोनिया भारतात असेलच तर त्याला शोधायला मी तरी तिकडे जाईन.